आंत्रीय सूक्ष्मजंतू : संशोधनाचा इतिहास

मानवाच्या पचनमार्गात, विशेषतः बृहदांत्रात (मोठ्या आतड्यात), कायम वास्तव्य करणाऱ्या सूक्ष्मजंतूंना आंत्रीय सूक्ष्मजंतू म्हणतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार प्रौढ माणसाच्या शरीरातील सूक्ष्मजंतूंची संख्या सु. ३८ लाख कोटी, म्हणजे साधारणपणे त्याच्या स्वतःच्या पेशींइतकीच असून त्यांचे एकूण वजन सु. २०० ग्रॅ. भरते. त्यांपैकी बहुतेक सर्व बृहदांत्रात असतात. हे सूक्ष्मजंतू शरीराचे शत्रू, निरुपद्रवी सोबती की सहकारी, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आणि त्याबरोबर रुग्णांवरील उपचारही बदलले.

प्रारंभीचे शोध : आंतोन व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांनी १६८१ मध्ये स्वतःला अतिसार झाला असता मलाचे सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण केले व त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव आढळल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ञ टेओडोर एशेरिख (१८५७–१९११) यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या मलातून एक दंडाकार सूक्ष्मजंतू वेगळा केला. तो पुढे त्यांच्याच नावावरून एशेरिकिया कोलाय म्हणून ओळखला जाऊ लागला. अशा सूक्ष्मजंतूंशिवाय प्राणी जगूच शकणार नाही, असा तर्क लूई पाश्चर यांनी त्याच वर्षी मांडला होता. मात्र नटॉल व टीरफेल्डर यांनी १८९५ मध्ये बर्लिन येथे शस्त्रक्रियेने जन्माला आणलेले गिनीपिगचे पिल्लू निर्जंतुक हवेत व निर्जंतुक दुधावर काही दिवस जगवून दाखविले. सूक्ष्मजंतू अनिवार्य नाहीत, मग ते अपायकारक तर नाहीत ना, अशी शंका पुढे बळावत गेली.

स्वविषबाधेची उपपत्ती : बृहदांत्रात साचलेल्या मलातील प्रथिने सूक्ष्मजंतूंमुळे कुजतात, त्यांतून निघालेली विषे रक्तात शोषली जातात आणि थकवा, डोकेदुखी, खिन्नता व अकाली वार्धक्य ही त्यांची फळे होत, अशी ही उपपत्ती होती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील इल्या मेच्निकॉव्ह (१८४५–१९१६) यांच्या पाठिंब्यामुळे तिला मोठी प्रतिष्ठा लाभली. भक्षिकोशिकांवरील कार्याबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. मानवाचे बृहदांत्र हा गरज संपलेला अवयव आहे, असे त्यांचे मत होते. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या आहारात आंबवलेले दूध असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अशा दुधातील सूक्ष्मजंतूचे वर्णन स्टामेन ग्रिगोरॉव्ह यांनी १९०५ मध्ये केले होते. या सूक्ष्मजंतूंनी निर्माण केलेल्या लॅक्टिक अम्लामुळे आतड्यातील कुजण्याची क्रिया थांबेल, असे मेच्निकॉव्ह यांचे प्रतिपादन होते.

आंबवलेले दूध पिण्याने फारसा अपाय होण्याचा संभव नव्हता. परंतु याच उपपत्तीचा दुसरा निष्कर्ष भयंकर ठरला. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील नामांकित शस्त्रक्रियाविशारद विल्यम आर्बथनॉट लेन (१८५६–१९४३) यांनी जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांत प्रथम बृहदांत्राला वळसा देणारी जोडणी केली व नंतर ते आतडेच काढून टाकण्यास आरंभ केला. त्या काळी प्रतिजैव पदार्थ उपलब्ध नव्हते व अशा शस्त्रक्रियेत रुग्ण दगावत. १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर दीर्घ चर्चा झाली. तीत अनेकांनी आक्षेप घेतले; कारण ज्या विषामुळे हे सर्व घडते असे म्हटले जाई, ते कोणालाही निश्चितपणे दाखविता आलेले नव्हते.

अमेरिकन वैद्य वॉल्टर आल्व्हारेझ यांनी १९१९ मध्ये एक साधा मुद्दा पुढे केला. शौचास होताच रुग्णाला तत्काळ बरे वाटते; लक्षणे रक्तातील विषामुळे असती, तर ती इतक्या त्वरेने नाहीशी झाली नसती. १९२२ मध्ये डोनाल्डसन यांनी गुदाशयात कापसाचे बोळे भरून तशीच लक्षणे निर्माण केली. कापसातून विष शोषले जाणे शक्य नसल्यामुळे लक्षणांचे कारण गुदाशयाचे ताणले जाणे हेच होय, हे स्पष्ट झाले. बल्गेरियन दुधातील सूक्ष्मजंतू मानवी आतड्यात मूळ धरीत नाही, असेही येल विद्यापीठातील लिओ रेटगर यांच्या संशोधनात १९२१ पर्यंत आढळून आले होते. वैद्यकात ही उपपत्ती मागे पडली; तथापि ‘आतडे शुद्ध करण्याच्या’ जाहिराती अद्यापही तिचाच आधार घेतात.

खऱ्या कार्याचे आकलन : बहुसंख्य आंत्रीय सूक्ष्मजंतू ऑक्सिजनाच्या सान्निध्यात मरतात, म्हणून जुन्या पद्धतींनी त्यांचे संवर्धन होत नसे. सहज वाढणारा एशेरिकिया कोलाय प्रमुख वाटे. प्रत्यक्षात तो अल्पसंख्य आहे. रॉबर्ट हंगेट यांनी रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठरातील सूक्ष्मजंतूंसाठी विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित केलेल्या ऑक्सिजनरहित संवर्धन पद्धतीमुळे ही अडचण दूर झाली. लघ्वांत्रात न पचलेल्या तंतुमय पदार्थांचे हे सूक्ष्मजंतू किण्वन करतात व ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक अम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक अम्ल हे बृहदांत्राच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे, असे १९८० च्या सुमारास दिसून आले. ज्या अवयवाला निरुपयोगी ठरविले, त्याचे पोषणच या सूक्ष्मजंतूंवर अवलंबून होते. याखेरीज ते के जीवनसत्त्व व काही बी जीवनसत्त्वे तयार करतात आणि रोगकारक सूक्ष्मजंतूंना जागा मिळू देत नाहीत.

या संरक्षणाचे महत्त्व प्रतिजैव पदार्थांच्या वापरानंतर लक्षात आले. त्यांच्यामुळे नेहमीचे सूक्ष्मजंतू नष्ट झाल्यावर होणाऱ्या बृहदांत्राच्या तीव्र शोथास (दाहयुक्त सुजेस) क्लॉस्ट्रिडियम डिफिसील हा सूक्ष्मजंतू कारणीभूत असल्याचे १९७८ मध्ये निश्चित झाले. अशाच शोथाच्या चार रुग्णांना निरोगी व्यक्तीच्या मलाचा बस्ती देऊन ते बरे झाल्याचे बेन आयझमन व सहकाऱ्यांनी १९५८ मध्येच नमूद केले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदर्लंड्समधील नियंत्रित चाचणीत निरोगी मलाचे द्रावण दिलेल्या १६ रुग्णांपैकी १३ जण पहिल्याच मात्रेने बरे झाले. केवळ व्हँकोमायसीन दिलेल्या १३ जणांत ही संख्या ४ होती.

स्थूलता, मधुमेह, मनोविकार इत्यादींशीही आंत्रीय सूक्ष्मजंतूंचा संबंध असल्याचे अलीकडे सुचविले जाते. मात्र दोन गोष्टी एकत्र आढळणे म्हणजे एक दुसरीचे कारण असणे नव्हे. लेन यांच्या रुग्णांनी या भेदाच्या विस्मरणाची किंमत दिली होती.