पहिल्या नजरेचा निकाल

आज तुम्हांला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका लग्नाची हकीकत सांगायची आहे. हे लग्न पुण्यात झालं, १८७३ सालच्या डिसेंबरात. नवरदेव होते महादेव गोविंद रानडे. पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती म्हणून साऱ्या हिंदुस्थानाने ज्यांना ओळखलं, तेच हे माधवराव. त्या वेळी ते पुण्याला सबजज्ज होते. वय वर्षं ३१. नवरी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची लेक यमुना. देवराष्ट्रे गाव आज सांगली जिल्ह्यात येतं. यमुनेला अकरावं वर्ष लागलेलं. घरी मुलींना शिकवायची चाल नव्हती, त्यामुळे तिला अक्षरओळख नव्हती. सासरी तिचं नाव रमाबाई ठेवलं.

या लग्नाचा नवरदेवाला आनंद नव्हता. उलट त्यांची मान खाली गेली होती. कारण काय, ते पाहा. विधवांचे पुनर्विवाह व्हावेत, म्हणून माधवराव आणि त्यांचे स्नेही कैक वर्षं झगडत होते. १८६९ साली मुंबईत एक पुनर्विवाह झाला आणि खूप गाजला. त्याच्या पाठीशी उभं राहिल्याबद्दल या मंडळींना बहिष्कार सोसावा लागला. पुढे १८७३ मध्ये माधवरावांची पहिली पत्नी सखुबाई वारल्या. आता हा माणूस बोलल्याप्रमाणे करून दाखवणार, विधवेशी लग्न लावणार, असं मित्रांना वाटत होतं. त्यांच्या वडिलांना, गोविंदरावांना, नेमकी त्याचीच धास्ती होती. म्हणून त्यांनी घाईघाईने मुलगी ठरवली. माधवरावांनी पुष्कळ विनवण्या केल्या. वडील ऐकेनात; संबंध तोडण्याची भाषा झाली. शेवटी माधवराव नमले.

लोक हसले. बोले तैसा चालेना, म्हणाले. आणि खरं सांगायचं, तर ती टीका खोटी नव्हती. घरात माधवरावांची धाकटी बहीण दुर्गाताई विधवा होती. तिच्या पुनर्विवाहाचं नावही कुणी काढत नव्हतं. भावाच्या लग्नाची मात्र घाई! माधवरावांनी तत्त्व सोडलं, हा ठपका इतिहासाने पुसलेला नाही, आणि आपणही पुसू नये. त्या अकरा वर्षांच्या पोरीला तर कुणी काही विचारलंच नव्हतं.

आपल्याला आज पाहायचं आहे, ते याच्या पुढचं. लग्न लागलं. माधवराव घरी आले आणि कुणाशी न बोलता खोलीत जाऊन बसले. अशा वेळी मनुष्याच्या मनात काय येतं? समोर दिसणारी ही मुलगी म्हणजे माझ्या पराभवाची खूण. हिच्यामुळे चारचौघांत माझी फजिती झाली. ही अडाणी, खेड्यातली. हिचं माझं काय जमणार?

कोर्टकचेरी तुम्हांला नवी नाही. समोरचा पक्ष हजर नसताना जो निकाल लागतो, त्याला आपण एकतर्फी निकाल म्हणतो. पहिल्या नजरेत माणसाबद्दल आपण जे मत करून बसतो, तेही असंच असतं. पण कोर्टाचा निकाल फिरवून घेता येतो. इथे मात्र आपला अभिमान आडवा येतो. एकदा वाईट म्हटलं, आता चांगलं कसं म्हणू? या एका हट्टापायी संसार नासतात, भाऊ भावाचं तोंड पाहत नाही, बांधावरचं भांडण नातवांपर्यंत चालतं.

माधवरावांनी हा एकतर्फी निकाल दिला नाही. त्याच रात्री त्यांनी त्या मुलीशी बोलायला सुरुवात केली. आपलं लग्न कुणाशी झालं आहे, हे तिला ठाऊक आहे का, लिहायला वाचायला येतं का, हे विचारलं. येत नाही म्हटल्यावर पाटी-पेन्सिल घेतली आणि श्रीगणेशा शिकवायला बसले. ज्या पोरीने आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती, तिला अक्षर वळवायला किती कष्ट पडले असतील, हे शिक्षकांना सांगायला नको. पण थोड्याच दिवसांत ती मुळाक्षरं शिकली. मग मराठी पुस्तकं झाली, आणि पुढे इंग्रजीही सुरू झालं.

पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता. नवऱ्यापाशी बसून वाचणारी सून म्हणजे निलाजरी! १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या. त्यांच्या सभांना रमाबाई जाऊ लागल्या, तेव्हा तर टोमण्यांना सुमार राहिला नाही. घरातल्या बायकांनी अबोला धरला. रमाबाईंनी उलट उत्तर केलं नाही आणि शिकणंही सोडलं नाही. माधवरावांचं त्यांना सांगणं एकच असे: ऐकून घ्यावं, सोसावं. दुर्गाताईंचा राग त्यांत अधिक. पण ज्या बाईचं आयुष्य ऐन उमेदीत मिटलं, तिच्या डोळ्यांसमोर भावजय पुस्तक उघडून बसत होती, हेही आपण ध्यानात घ्यायला हवं. नणंद खाष्ट, एवढं म्हणून मोकळं होणं हादेखील पहिल्या नजरेचाच निकाल झाला.

अभिमान बाजूला ठेवण्याची ही वृत्ती माधवरावांच्या ठायी पुढेही दिसते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचं मोठं प्रकरण झालं. मंडळींना बहिष्कार पडला. घराघरांतून रडारड सुरू झाली. माधवरावांना स्वतःला फिकीर नव्हती. पण मित्रांच्या घरची माणसं कष्टी होती. म्हणून १८९२ साली त्यांनी मित्रांबरोबर प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी पुन्हा दोष दिला. तो बरोबर की चूक, यावर आजही वाद घालता येईल. मात्र आपल्या नावापेक्षा दुसऱ्याच्या घरची चूल त्यांना मोठी वाटली, एवढं खरं.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही आत होत्या. १९०९ साली पुण्याचं सेवासदन सुरू झालं, ते त्यांनी १९२४ मध्ये आपला अंत होईतो चालवलं. तिथे पोरक्या, विधवा, टाकलेल्या बायका शिकल्या. कुणी शिक्षिका झाल्या, कुणी परिचारिका. लग्नाच्या दिवशी जिला पाहून साऱ्यांनी नुसती एक अडाणी पोर म्हटलं, तिच्या ठायी एवढं सगळं होतं.

शिक्षकबंधूंनो, जून महिन्यात तुमच्या वर्गात नवी मुलं येतात. कुणाचा सदरा फाटका, कुणाची बोली वेगळी, कुणी तोंडच उघडत नाही. तुमच्या घरी नवी सून येते, गावात नवा ग्रामसेवक येतो. पहिल्या दिवशी मत होणारच. ते कुणाला चुकलं नाही. फक्त त्याच्यावर शिक्का मारायची घाई करू नका. दोन शब्द विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

त्या रात्री खोलीत काय बोलणं झालं, हे आपल्याला कसं कळलं? ते रमाबाईंनीच लिहून ठेवलं. त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली निघालं. तुमच्या गावच्या वाचनालयात ते असेल तर काढून वाचा. नसेल तर मागवून घ्या.