आंबा आणि आंबो: दोन जवळच्या भाषांत वाढणारं मूल

मूल दोन भाषांत वाढतं तेव्हा काय होतं, हा आजचा प्रश्न. आम्ही तो गोव्याच्या इतिहासातून पाहणार आहोत, कारण तिथल्या दोन्ही भाषा जवळच्या नात्यातल्या.

मराठीत आंबा, कोकणीत आंबो. घोडा, घोडो. मला, म्हाका. घरी कोकणी बोलणाऱ्या पोराला शाळेतली मराठी परकी वाटत नाही. एक नियम सापडला की पुष्कळ शब्द आपोआप हाती लागतात. पण तेच पोर घरी तहान लागली की ‘उदक’ मागतं, आणि मराठीत उदक उरलंय ते पूजेच्या पळीत! जवळची भाषा समजते लवकर. दोन्ही वेगळ्या ठेवायला मात्र वेळ लागतो.

हे वेगळेपण इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी ओळखलं होतं. त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचलं मराठीत. ते १६१६ साली छापलं गेलं. व्याकरण लिहिलं कोकणीचं. ते त्यांच्यामागे १६४० साली निघालं. दोन्ही भाषा त्यांना कष्टानं शिकण्याजोग्या वाटल्या.

पुढे १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानानं कोकणी तीन वर्षांत सोडायला सांगितलं. ती सुटली नाही. हिंदू घरांत कोकणी बोलण्याची आणि मराठी वाचनाची, अशी विभागणी रुळली. मुक्तीनंतर बांदोडकरांच्या सरकारनं गावोगाव मराठी शाळा काढल्या. त्यांचं मोल आम्ही कमी लेखत नाही. अनेक घरांतली पहिली शिकलेली पिढी तिथेच घडली.

पण वाद पेटला तो ‘कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा’ यावर. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात प्रश्न विलीनीकरणाचा होता, तरी भाषेचा वाद त्याच्याशी जोडलेलाच होता. १९७५ साली साहित्य अकादमीनं कोकणीला मान्यता दिली, १९८७ साली ती राजभाषा झाली, १९९२ साली आठव्या अनुसूचीत आली.

आता तर्काचा मुद्दा. ‘ही भाषा मला समजते’ यावरून ‘ही माझ्याच भाषेचं अशुद्ध रूप आहे’ हे सिद्ध होत नाही. सख्ख्या बहिणी सारख्या दिसतात म्हणून एकीला दुसरीची बिघडलेली प्रत म्हणतो का आपण? कायद्यानं भाषेला मान मिळतो. मुलाला तो घरात आणि वर्गात मिळावा लागतो. तेव्हा मूल मराठीत बोलताना ‘आंबो’ म्हणालं, तर ‘चूक’ म्हणू नये. ‘कोकणीत आंबो, मराठीत आंबा’ एवढंच सांगावं. म्हणजे मराठी येते, आणि आईच्या भाषेची लाजही वाटत नाही.