पवार, ललिता
पवार, ललिता : (१८ एप्रिल १९१६ – २४ फेब्रुवारी १९९८). मराठी व हिंदी चित्रपटसृष्टीतील श्रेष्ठ चरित्र-अभिनेत्री. मूळ नाव अंबा सगुण. जन्म येवले (जि. नासिक) येथे. मूकपटांच्या काळात बालवयातच त्यांनी चित्रपटांत प्रवेश केला आणि पुढे नायिका म्हणून लौकिक मिळविला. त्या काळी कुलीन घरांतील स्त्रिया पडद्यावर क्वचितच येत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या धाडसाची कल्पना येते. हिम्मत-ए-मर्दा (१९३५) या चित्रपटातील त्यांची भूमिका गाजली. दुनिया क्या है (१९३८) या टॉलस्टॉयच्या कादंबरीवर आधारित चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. भालजी पेंढारकरांच्या नेताजी पालकर (१९३९) या चित्रपटातही त्यांनी काम केले.

१९४२ मध्ये जंग-ए-आझादी या चित्रपटाच्या चित्रीकरणात थप्पड मारण्याच्या प्रसंगी सहकलाकाराचा हात अनवधानाने जोरात बसला. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्याचा काही भाग लुळा पडला आणि दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेचे सारे भवितव्य तेव्हा मुखसौंदर्यावर अवलंबून असे. दुसरी एखादी अभिनेत्री अशा आघातानंतर चित्रपटव्यवसायातून दूर झाली असती. ललिताबाईंनी मात्र चरित्रभूमिकांचा मार्ग धरला आणि तो अधू डोळाच त्यांच्या अभिनयाचे एक प्रभावी साधन ठरला. प्रभातच्या रामशास्त्री (१९४४) मध्ये त्यांनी आनंदीबाई उभी केली. महत्त्वाकांक्षेपायी कटकारस्थानाला प्रवृत्त होणाऱ्या या स्त्रीचे चित्रण पुढील अनेक भूमिकांची नांदीच होय.

दहेज (१९५०) पासून खाष्ट सासू म्हणजे ललिता पवार, असे समीकरण रूढ झाले. लोकमानसात ते इतके रुजले, की त्यांच्या अभिनयाचा आवाका त्याखाली काहीसा झाकला गेला. वस्तुतः श्री ४२० (१९५५) मधील केळीवाली गंगामाई, तसेच अनाडी (१९५९) मधील मिसेस डिसा या तोंडाने फटकळ, पण अंतःकरणाने अत्यंत मायाळू स्त्रिया आहेत. भाडेकऱ्याला मुलासारखे वागविणारी आणि अखेरीस सदोष औषधाला बळी पडणारी मिसेस डिसा ही त्यांची सर्वोत्कृष्ट भूमिका मानावी लागेल. तीबद्दल त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक लाभले. प्रोफेसर (१९६२) मध्ये कडक शिस्तीच्या प्रौढ पालक स्त्रीच्या मनात अवेळी उमलणारे प्रेम त्यांनी विनोदाच्या अंगाने, परंतु तिला हास्यास्पद न करता दाखविले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला (१९६१). आनंद (१९७१) मध्ये रुग्णालयातील मेट्रनची त्यांची छोटी भूमिकाही लक्षणीय आहे.

सत्तरी ओलांडल्यावर दूरदर्शनने त्यांना नवा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. रामानंद सागर यांच्या रामायण (१९८७–८८) या मालिकेतील मंथरा त्यांनी साकारली. ज्या पिढीने त्यांचे चित्रपट पाहिलेच नव्हते, तिलाही त्या या भूमिकेमुळे परिचित झाल्या. रामशास्त्रीतील आनंदीबाई आणि ही कुबडी दासी यांत चार दशकांहून अधिक अंतर असले, तरी राजवाड्यातील कुजबुजीचे नाट्य नजरेतून व्यक्त करण्याची त्यांची हातोटी दोन्हींत तीच दिसते.

पुणे येथे त्यांचे निधन झाले.