भिंगाचे संरक्षण : फिल्टर व हूड यांच्या कार्यांतराचा इतिहास

कॅमेऱ्याच्या भिंगापुढील रंगहीन फिल्टर आज भिंगाचे चिलखत समजला जातो. इतिहासात मात्र या काचेचे प्रयोजन निराळे होते. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रणाच्या प्लेट निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने आकाश पांढरेफटक उमटे व ढग दिसेनासे होत. इ.स. १८७३ मध्ये हर्मान व्होगेल यांनी रंगद्रव्यांच्या साहाय्याने प्लेटची संवेदनशीलता हिरव्या प्रकाशापर्यंत नेता येते, हे दाखविले. तरीही निळ्याचे वर्चस्व सरले नाही. ते आवरण्यासाठी पिवळा फिल्टर आला. पुढे रंगीत फिल्मवर उंच पर्वतप्रदेशात निळसर छटा येऊ लागली, तेव्हा यूव्ही व स्कायलाइट फिल्टर वापरात आले. ते जवळजवळ रंगहीन असल्याने कायम चढवून ठेवता येत. संरक्षणाची कल्पना या सोयीतूनच रुजली असावी.

हूडचा इतिहास परावर्तनाशी निगडित आहे. लेपविरहित काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो. इ.स. १९०२ च्या टेसार भिंगात हवेला भिडणारे सहा पृष्ठभाग होते. म्हणजे एकपंचमांशाहून अधिक प्रकाश वाया जाई व त्यातील काही आतल्या आत उसळून चित्र धूसर करी. अशा स्थितीत चौकटीबाहेरील प्रकाश अडविणारा हूड अनिवार्यच होता. गंमत अशी की, काळाच्या ओघात काळवंडलेली भिंगे नव्यापेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात, हे डेनिस टेलर यांना १८९० च्या दशकातच आढळले होते. इ.स. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वातात कृत्रिम लेप देण्याची पद्धत सिद्ध केली. आरंभीचे लेप मऊ असत, पुसतानाही ओरखडे उठत. भिंगाला जपण्याची निकड तेव्हा खरोखरीच होती.

डिजिटल कॅमेऱ्यांत अतिनील किरण बहुतांशी संवेदकापुढील काचच अडविते. यूव्ही फिल्टरचे मूळ कार्य त्यामुळे जवळपास संपले असून उरले आहे ते केवळ संरक्षण. त्याची किंमत म्हणजे दोन अधिक पृष्ठभाग. रात्रीच्या दिव्यांची भुतासारखी प्रतिबिंबे त्यातूनच उमटतात. हूड कोणतीही काच न वाढविता धक्का झेलतो, म्हणून सर्वसाधारण वापरात तोच अधिक श्रेयस्कर. समुद्राचे तुषार व उडती वाळू येथे मात्र त्याचा इलाज चालत नाही. कॅननने तर आपल्या काही एल-श्रेणीतील भिंगांबाबत, पुढे फिल्टर बसविल्याशिवाय धूळपाण्यापासूनचे संरक्षण पूर्ण होत नाही, असे स्पष्ट नमूद केले आहे.