काचेपुढची काच

वेतनकराराच्या फरकाचे पैसे हातात पडले की आमच्या शाखेतला प्रत्येक माणूस काही ना काही मूर्खपणा करतो. रोखपालांनी मसाज करणारी खुर्ची घेतली. मी कॅमेरा घेतला. पैसे मोजून झाल्यावर दुकानदारानं विचारलं, "आणि पुढे काय लावणार?"

"पुढे म्हणजे?"

"भिंगापुढे, साहेब. यूव्ही फिल्टर लावून टाका. धूळ, ओरखडा, जे काय व्हायचं ते फिल्टरचं होईल. तुमचं भिंग सुखरूप."

हा सूर माझ्या ओळखीचा होता. काउंटरवरून विम्याचे अर्ज खपवताना मी स्वतः याच सुरात 'उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर' असं म्हणत असतो. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या गळ्यात हप्ते मारले, त्याच्या गळ्यात कुणी हप्ता मारला तर त्याला नाही म्हणवत नाही. घेतला फिल्टर.

घरी सौ.नं पावती पाहिली. "अहो, ही नुसती काच आहे?"

"नुसती कशी? तिला इतिहास आहे," मी म्हटलं. इतिहास तेव्हा मला ठाऊक नव्हता. पण बायकोसमोर एकदा बोलून गेलो म्हणजे वाचणं भाग होतं.

वाचलं तेव्हा कळलं की ही काच मुळात पहारेकरी नव्हतीच. ती कामाला लागली ती रंगाच्या खात्यात. सुरुवातीच्या फोटोच्या प्लेटांना निळा रंग तेवढा नीट दिसे. हिरवं, पिवळं, तांबडं त्यांच्या लेखी जवळजवळ काळंच. म्हणून जुन्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं आणि तांबडं लुगडं काळं येतं. 1873 साली फोगल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं प्लेटेत रंगद्रव्य मिसळून तिला हिरवं दाखवलं. तरी निळ्याचा हावरटपणा गेला नाही. त्याला आवरायला भिंगापुढे पिवळा फिल्टर लावू लागले. आभाळ जरा सावळं झालं आणि फोटोंत ढग नीट दिसू लागले.

या फिल्टरांचं मोठं घराणं म्हणजे इंग्लंडातल्या क्रॉयडनची रॅटन अँड वेनराइट कंपनी. तिथे केनेथ मीज नावाचा हुशार शास्त्रज्ञ भागीदार होता. कोडॅकचे मालक ईस्टमन यांना तो आपल्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेसाठी हवा होता. त्याला एकटं उचलता येईना, तेव्हा 1912 साली ईस्टमननी त्याची कंपनीच विकत घेतली. एका माणसासाठी अख्खी कंपनी! आमच्याकडे एका कारकुनाच्या बदलीसाठी चार वर्षं अर्ज फिरतो. असो. फिल्टरांना रॅटनचं नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

यूव्ही फिल्टर त्याच कुळातला. डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण फिल्मला दिसत. डोंगरावर, समुद्रावर ते जास्त. त्यामुळे लांबचे डोंगर निळसर धुरकट येत. ते किरण अडवणं हे त्याचं मूळ काम. पुढे डिजिटल कॅमेरे आले. त्यांच्या संवेदकापुढे हे किरण अडवणारी काच कारखान्यातच बसवलेली असते. म्हणजे फिल्टरचं टेबल गेलं, खातं बंद झालं. पण नोकरी टिकली! दरवाजाजवळ स्टूल टाकून त्याला वॉचमन म्हणून बसवलं. असे दोघं-तिघं आमच्याही शाखेत आहेत, पण त्यांची नावं घेणं बरं नव्हे.

वॉचमन बिनकामाचा मात्र नाही. वाळूत गारगोटीचे कण असतात. कठीणपणाच्या मापात गारगोटी 7 आणि काच साडेपाच-सहाच्या आसपास. म्हणजे धूळ नुसती बसली तर काही बिघडत नाही. आपण शर्टाच्या टोकानं ती प्रेमानं पुसतो तेव्हा ओरखडा पडतो. आधी फुंकणीनं उडवावी, मग ब्रशनं झटकावी, पुसणं अगदी शेवटी. काही भिंगांच्या माहितीपुस्तकात तर छापलेलंच असतं की धूळपाण्याचा बंदोबस्त पुरा व्हायला पुढे फिल्टर लावा.

पण पहारेकरीही पगार घेतोच. साध्या काचेचा एकेक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के उजेड परत पाठवतो. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणजे 8 टक्के गेले. हे नुकसान कमी करणारा लेप झाइस कंपनीतल्या स्माकुला यांनी 1935 साली शोधला. त्याच्याही आधी, 1890च्या दशकात, डेनिस टेलर या इंग्रज भिंगकाराच्या लक्षात आलं होतं की हवेनं डागाळलेली जुनी भिंगं नव्या चकचकीत भिंगांपेक्षा जास्त उजेड आत सोडतात. हे मी आमच्या आप्पांना वाचून दाखवलं. "मग? जुनं ते जुनंच," म्हणाले. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर.

आणि एवढा बंदोबस्त करूनही धूळ ती धूळच. 2012च्या ऑगस्टमध्ये क्युरिऑसिटी गाडी मंगळावर उतरली. तिच्या हातावरच्या कॅमेऱ्याला पारदर्शक झाकण होतं. उतरताना उडालेली धूळ त्यावर बसली आणि पहिली चित्रं धुरकट आली. सप्टेंबरात झाकण उघडल्यावर चित्र स्वच्छ. भिंग वाचलं ते झाकणामुळे, आणि चित्र बिघडलं तेही झाकणामुळेच. पण त्यांचं झाकण मोटारीनं उघडतं. माझं आट्यांचं होतं.

हे मला कळलं जेजुरीला. आप्पांना सोमवतीला एकदा गड चढायचा होता. 'एकदा' या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला, म्हणून मी रजा टाकली. पायऱ्या चढायला त्यांना दोन तास लागले. प्रत्येक टप्प्यावर बसत आणि "तू फोटोचं बघ, माझं मी बघतो" म्हणत. 

वर पोचलो तर पालखी निघायच्या बेतात. येळकोट येळकोट जय मल्हार झालं आणि भंडारा उधळला. हवा पिवळी, माणसं पिवळी, दीपमाळा पिवळ्या. एक मूठ थेट माझ्या फिल्टरवर. रॅटनच्या कारखान्यात जो फिल्टर पैसे टाकून मिळे, तो खंडोबानं फुकट दिला! पण आरपार काही दिसेना. घाईनं पुसायला गेलो तर हळद आणखी फासली गेली. मग वाऱ्याला पाठ करून, भिंतीकडे तोंड करून फिल्टर काढू लागलो. आट्यांत हळद शिरलेली. फिरेना. रुमाल धरून पाहिलं, दातओठ खाऊन पाहिलं. मागे मोठा गजर झाला. निघाला एकदाचा! वळलो तेव्हा पालखी दरवाजाकडे गेली होती आणि आप्पा रिकामे हात झटकत होते.

"आला का फोटो?"

"नाही आप्पा. काचेवर भंडारा बसला होता."

"काच फुटली नाही ना?"

"नाही. ओरखडासुद्धा नाही."

"मग झालं तर. चल, उतरायला वेळ लागेल."

आमच्याबरोबर शेजाऱ्यांचा मुलगा आला होता. त्यानं मोबाईल विजारीला पुसून एक फोटो काढला होता. आता तो मोठा करून आमच्या बैठकीत लावला आहे. आप्पांचे दोन्ही हात वर, तोंड उघडं, बोटांतून भंडारा सुटतोय. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस वाटतच नाही. डाव्या कोपऱ्यात एक इसम अख्ख्या गडाकडे पाठ करून, भिंतीशी वाकून, हातातलं काहीतरी पिळतो आहे. घरी कुणी पाहुणा आला की आप्पा काठीच्या टोकानं तो कोपरा दाखवतात आणि सांगतात, "हा आमचा फोटोग्राफर."