ज्वारीच्या मुलखात १०० ग्रॅम तांदूळ

"सर, आज कितीक हायेत?"

वऱ्हाडात चांदूर रेल्वे तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत हजेरी झाली की स्वयंपाकघराच्या दारातून हा प्रश्न येतो. आकडा कळला की तांदूळ मोजायचा. पहिली ते पाचवीच्या पोराला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्याला १५०. डाळ २० किंवा ३०, भाजी ५० किंवा ७५, तेल ५ किंवा साडेसात. दिल्लीत ठरलेले हे ग्रॅम खेड्यातल्या शाळेत पोचेपर्यंत त्यांचा पेला झालेला असतो. "चार पेले आन् वर एक मूठ" हे स्वयंपाकीणबाईचं गणित, आणि ते फारसं चुकत नाही.

कागदावर या योजनेची नावं बदलत गेली. आधी राष्ट्रीय पोषण साहाय्य कार्यक्रम, मग मध्यान्ह भोजन, राज्यात शालेय पोषण आहार, २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण. पंचायत समितीच्या टपालात तिचं 'शापोआ' होतं. गावात मात्र ती पहिल्यापासून आजपर्यंत 'खिचडी'च. तीस वर्षांच्या चालीत न बदललेली गोष्ट बहुधा एवढीच.

सुरुवात खिचडीने झाली नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने योजना आणली आणि त्याच वर्षीच्या २२ नोव्हेंबरला महाराष्ट्राने ती लागू केली, तेव्हा शाळेत चूल पेटत नव्हती. महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की पोराला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. वाटपाच्या दिवशी हमखास पूर्ण हजेरी. दप्तराबरोबर पिशवी, पिशवी नसली तर आईचं जुनं लुगडं. तो तांदूळ घरी गेला की सगळ्यांचा व्हायचा, पोराचा राहायचा नाही. पाच माणसांच्या घरात ३ किलो तांदूळ म्हणजे दोन-तीन वेळचा भात, त्यात ज्याच्या नावाने आला त्याच्या वाट्याला दोन मुठी.

शिवाय हा मुलूख भाताचा नाही. आमच्याकडे भात सणाला, पंगतीला नाही तर आजाऱ्याला. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, फार तर पिठलं. कण्या रांधल्या तर त्याही ज्वारीच्या. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामात मात्र होता गहू आणि तांदूळ, आणि शाळेत वाटायला तांदूळ सोपा पडला. योजनेच्या पहिल्या दिवशी जे ठरलं ते भुकेकडे पाहून जितकं ठरलं तितकंच गोदामाकडे पाहूनही. याबद्दल पुढे बोलतोच.

चूल पेटवली ती न्यायालयाने. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ, सरकारी गोदामं मात्र गच्च भरलेली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश निघाला: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं अन्न द्या, वर्षातले किमान २०० दिवस, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं. या देशात शाळेतलं जेवण नवं नव्हतं. मद्रास महानगरपालिकेने ते १९२० च्या सुमारास दिलं होतं, कामराजांनी १९५० च्या दशकात आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ते तमिळनाडूभर नेलं. नवं होतं ते हे, की आता जेवण न मिळणं हा न्यायालयाचा अवमान ठरू शकत होता.

आदेश निघाला तेव्हा आमच्याकडच्या शाळांत ना स्वयंपाकघर ना भांडी. व्हरांड्याच्या कोपऱ्यात तीन दगड, वर गंज, पऱ्हाट्यांचा जाळ. वऱ्हाडात पऱ्हाटीला तोटा नाही, कपाशी उपटली की बांधावर ढीग पडलेलेच. धूर थेट चौथीच्या वर्गात. फळ्यावरचं दिसेना म्हणून पोरं डोळे चोळायची आणि वास आला की पाढे विसरायची. पुढे स्वयंपाकघर आणि धान्यकोठी अशा खोल्या मंजूर झाल्या, हळूहळू गॅसही आला. काही खोल्यांत आज धान्याच्या पोत्यांशेजारी जुने बाक, मोडका ग्लोब आणि निवडणुकीचं सामानही असतं, तो भाग वेगळा.

नंतर मापं वाढत गेली. २००६ मध्ये प्राथमिकसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. आठवीपर्यंतच्या मुलांना योजनेत घेतलं तेव्हा त्यांच्यासाठी ७०० आणि २०. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हेच आकडे आपल्या अनुसूचीत घेतले. हिशेब कागदावर चोख बसतो: १०० ग्रॅम तांदळाच्या साधारण ३४० कॅलरी, २० ग्रॅम डाळीच्या ७०, तेलाच्या ४५, भाजीच्या २५. बेरीज ४८०. म्हणजे नियमापेक्षा ३० जास्तच. यातल्या सत्तर टक्के कॅलरी एकट्या तांदळाच्या आहेत हे मात्र बेरजेत दिसत नाही. आणि भाजीचे ५० ग्रॅम? एप्रिलच्या उन्हात, आठवडी बाजाराला अजून चार दिवस असताना, ते ५० ग्रॅम म्हणजे दोन कांदे, एक बटाटा आणि भरपूर हळद.

नियमांवर वाद सतत झाले. २००८ च्या सुमारास बिस्किट उत्पादकांनी खासदारांना गाठून शिजवलेल्या अन्नाऐवजी बिस्किटांचे पुडे द्या असा लकडा लावला. राज्यांनी गरम जेवणाचीच बाजू घेतली आणि ते बारगळलं. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेलं जेवण जेवून २३ मुलं गेली. त्यानंतर देशभरच्या शाळांत चव नोंदवहीला जीव आला. ३० सप्टेंबर २०१५ च्या नियमांनी सांगितलं की वाढण्याआधी किमान एका शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्न चाखायचं. जेवण मिळालं नाही तर धान्य आणि खर्चाचे पैसे भत्ता म्हणून द्यायचे. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस चूल बंद राहिली तर राज्याने जबाबदारी ठरवायची. नियम चांगले आहेत. फक्त त्यांची नोंद ठेवणारा माणूस तोच, जो दोन वर्ग एकत्र शिकवतो आणि मोबाइलची रेंज मिळावी म्हणून शाळेच्या ओट्यावर उभा राहून रोजची उपस्थिती भरतो.

मध्येच तांदळावरून गोंधळ उडाला. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे शेकड्याला एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळून येऊ लागले. धुताना ते वर तरंगतात, रंगाने जरा वेगळे दिसतात. झालं, गावोगाव बोभाटा: शाळेत प्लास्टिकचा तांदूळ! बायांनी ते दाणे वेचून वेचून टाकले. पंडुरोग घालवायला घातलेलं लोह असं मोरीतून वाहून गेलं, कारण पोतं पोचलं आणि ते सांगणारा माणूस मागाहून आला. बायांचं चुकलं असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या लेकरांना जेवू घालणारी बाई खडा वेचणारच.

सगळ्यात मोठी चर्चा अंड्याची. ७ नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. दर अंड्याला ५ रुपये. हिवाळ्यात बाजारात अंडं त्या दरात मिळेना, वरचे पैसे शिक्षकाच्या खिशातून. तिकडे शाळेत अंडं नकोच म्हणणाऱ्यांनी आवाज उठवला. ११ जून २०२४ ला नवा तक्ता आला: पंधरा पाककृती, पुलाव, मसालेभात, चवळी खिचडी, मटकीची उसळ, शेवग्याचं वरण, मोड आलेली कडधान्यं, गोड म्हणून तांदळाची खीर किंवा नाचणीचं सत्त्व. वाचताना तोंडाला पाणी सुटावं असा कागद. पण दोन माणसांच्या स्वयंपाकघरात एका गॅसवर हे सगळं उरकायचं कसं, यावर राज्यभरचे शिक्षक आणि स्वयंपाकी ओरडले. २८ जानेवारी २०२५ ला तक्ता आटोपशीर झाला आणि त्याच कागदात अंडा पुलाव, खीर, सत्त्व 'ऐच्छिक' झाले. त्यासाठी सरकार वेगळा पैसा देणार नाही. अंडी आणि साखर लोकसहभागातून मिळवावी.

लोकसहभाग या शब्दाशी आमच्या भागाचं जुनं नातं आहे. आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यात असलेल्या पापळचे पंजाबराव देशमुख लहानपणी शिक्षणासाठी चांदूर रेल्वेत राहिले होते. इंग्लंडहून परतल्यावर १९२६-२७ च्या सुमारास त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि ते चालवलं मुष्टिफंडावर. घरोघरी रोज एक मूठ धान्य बाजूला काढायचं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीला बसत, हे त्या काळात अंड्याहून कितीतरी पचायला जड होतं. पण मुष्टिफंड होता तेव्हा कायदा नव्हता. आज पोराचं जेवण कायद्याच्या अनुसूचीत आहे. ज्या गावात बहुतेक आईबाप रोजमजुरीवर, तिथे अंड्यासाठी लोकसहभाग मागायचा कोणाकडे? सरपंचाकडे, सेवा सहकारी सोसायटीकडे, नाहीतर पुन्हा गुरुजींच्या खिशाकडे. एखाद्या घरी वाढदिवस असला की बुंदी येते, पुण्यतिथीला शिरा. त्याला कागदावर तिथी भोजन म्हणतात. पोरांना ते आवडतं. पण १२ ग्रॅम प्रथिनांचा भार शिऱ्यावर टाकता येत नाही.

या सगळ्या वादात पाककृती बदलल्या, धान्य बदललं नाही. पंधरा पाककृतींत भरडधान्य म्हणून नाचणी आली, जी इथे कोणाच्या घरात शिजत नाही. ज्वारी नाहीच. नियमात भरडधान्याला मनाई नाही, २०२३ हे जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरंही केलं. तरी ज्वारीची भाकर शाळेत करायची तर शंभर भाकरी थापायला हात लागतात, आणि तांदूळ एका गंजात शिजतो. खरी अडचण ही आहे आणि ती मोठी आहे. पण ज्वारीच्या कण्या एका गंजात शिजतात, ज्वारीचं पीठ घालून थालीपिठं नाही तरी आंबील होते. हे कोणी सुचवलं नसेल असं नाही, पुरवठ्याच्या यादीत मात्र ते चढलं नाही. दरम्यान शेतातूनही ज्वारी मागे हटली. तिच्या जागी सोयाबीन आलं, ते तेलाच्या गिरणीत गेलं आणि वड्या होऊन शाळेत 'सोयाबीन पुलावा'त परत आलं. आमच्या पिकाने पोराच्या ताटात यायचा हा एवढा लांबचा रस्ता.

शेवटी स्वयंपाकीणबाई. पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन असा केंद्राचा नियम. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं की नेमणुकीत दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावं. तिचा हात लागलेलं सगळ्या पोरांनी एका रांगेत बसून खाणं, मला वाटतं, कॅलरीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी गोष्ट होती. सुरुवातीला काही घरांतले डबे आले, काही पोरं घरी जेवायला गेली. मग एका पावसाळ्यात तीच पोरं वाटी पुढे करून उभी. घरी काय जेवतोस विचारलं तर एकाने मला सांगितलं, "घरी भाकर हाय, पण इथं गरम हाय."

तिचं मानधन २००९ मध्ये महिना १००० ठरलं, वर्षात दहा महिने. केंद्राचा दर आजही तिथेच थांबला आहे. राज्याने आपल्या पैशातून ते १५०० केलं आणि २०२३ मध्ये २५००. पंचवीस दिवसांनी भागलं तर रोजचे १००. पाणी भरणं, दळण-निवडण, शिजवणं, वाढणं, भांडी, कोठीची झाडलोट, आणि कधी कधी पहिलीतल्या पोराचं नाक पुसणं धरून. रोजगार हमीवर याहून जास्त मिळतं हे तिला माहीत आहे. काऊन करतं मग, असं कोणी विचारलं तर ती गंजाच्या तळाची खरवड उचटण्याने सोडवत राहते. खरवड पोरांना फार आवडते. ती कोणाला द्यायची याचा नियम कुठल्याच शासन निर्णयात नाही, तो तिच्याकडेच आहे: काल ज्याला मिळाली नाही त्याला.