मूल मोठे झाले की फी कमी होते का? : तीन ते सहा वर्षांच्या मुलाला हक्कातून कोणी वगळले?

दरवर्षी आरटीईच्या ऑनलाइन अर्जांचा हंगाम आला की आम्ही काही कार्यकर्ते वस्तीतल्या विहारात टेबल टाकून बसतो. जन्मदाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, मोबाइलवरचा ओटीपी, सगळी धावपळ असते. या वेळी एक ताई आल्या. त्या दिवसभर दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळतात. त्यांची स्वतःची मुलगी चार वर्षांची. तिला त्यांनी जवळच्या एका खासगी नर्सरीत घातले आहे. अर्ज भरून झाल्यावर त्यांनी पिशवीतून फीची पावती काढली आणि विचारले, "दादा, लहान आहे म्हणून एवढी फी घेतात का? मोठी झाली की कमी होते का हो?"

आम्हाला आधी हसू आले. मग लक्षात आले की आपल्याकडे याचे सरळ उत्तर नाही. तिसऱ्या वर्षी फी, सहाव्या वर्षी नशीब असेल तर माफी आणि चौदा वर्षांनंतर पुन्हा फी. असे का? मुलाच्या वयावर या रेघा कोणी ओढल्या? त्याचा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असलाच पाहिजे, म्हणून हा लेख.

मूल जितके लहान, तितके हात जास्त

आधी ताईंच्या प्रश्नातला खरा भाग समजून घेऊ. तान्हे मूल सांभाळायला जास्त माणसे लागतात. इंग्लंडमध्ये हे कायद्यानेच ठरवले आहे. तिथल्या पाळणाघरात दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे किमान एक माणूस लागतो. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण पूर्वी चारास एक होते, 2023 पासून ते पाचास एक झाले. तीन वर्षांपुढे साधारण आठ मुलांमागे एक माणूस चालतो. म्हणून तिथे मूल मोठे होत जाते तशी पाळणाघराची फी उतरते. शिवाय तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याचे ठरावीक तास सरकार भरते. तिथेही पालक महागाईने रडतात, पण निदान फीमागचा हिशेब दिसतो. ती फी श्रमाची असते.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. बहुतेक खासगी शाळांत नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी, पहिली अशी पायरी चढावी तशी फी चढते. एका बाईंपुढे बसणाऱ्या मुलांची संख्या वाढते, म्हणजे प्रत्येक मुलामागचा श्रम कमी होतो, तरी फी वाढतेच. कारण ती श्रमाची किंमत नसते, दाराची किंमत असते. नर्सरीत पैसे भरले तर पुढच्या शाळेचे दार उघडे राहील, या भीतीची ती किंमत आहे. आणि ही भीती ज्यांच्या मागे दहा पिढ्यांचे शिक्षण आहे त्यांच्यापेक्षा ज्यांची पहिलीच पिढी शिकते आहे त्यांना जास्त असते.

फी ही गाळणी आहे, हे बाबासाहेबांनी 1927 मध्येच दाखवले

वयाची आणि फीची ही लढाई जुनी आहे. 1882 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. कष्टकरी रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आरोप होता. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. त्यात वय होते सहा ते दहा, आणि फीमाफी होती महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकांना. तेवढेही सरकारला आणि बड्या मंडळींना पचले नाही, ते विधेयक 1912 मध्ये फेटाळले गेले. मात्र राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. इच्छा असेल तर पैसा सापडतो, हे करवीरच्या राजाने दाखवून दिले.

12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. महाडचा सत्याग्रह त्यानंतर आठवडाभराने झाला, म्हणून या भाषणाकडे आपले लक्ष कमी जाते. त्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवले. माध्यमिकपूर्व म्हणजे मिडल स्कूलच्या खर्चातला सुमारे 26 टक्के हिस्सा फीतून येतो, हायस्कूलचा 31 टक्के आणि कला महाविद्यालयांचा 36 टक्के. हे शिक्षणाचे व्यापारीकरण आहे, असे त्यांनी सभागृहाला सुनावले. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आणले पाहिजे, आणि खालच्या वर्गांना ते शक्य तितके स्वस्त मिळाले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

ते तीन आकडे पुन्हा वाचा. 26, 31, 36. मूल जसे वर जाते तसा फीचा वाटा वाढतो. म्हणजे प्रत्येक पायरीवर गाळणी बारीक होते. कोण गळून पडते, हे आपल्याला सांगायला नको. आज फरक एवढाच झाला आहे की गाळणी खालच्या टोकालाही लावली आहे. मूल शाळेत पोहोचायच्या आधीच तिसऱ्या वर्षी ते गाळले जाते.

सहा वर्षांखालचे मूल कोणाचे?

सहा वर्षांखालच्या मुलाचा विचार आपल्या कायद्यांनी शाळेच्या बाजूने केलाच नाही, तो गिरणीच्या बाजूने केला. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. मूल वाढवणे हे फक्त आईचे खासगी काम नाही, हा विचार त्यात आहे.

1934 च्या कारखाने कायद्याने पन्नासहून जास्त स्त्रिया काम करतात अशा कारखान्यांत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवण्याचे नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. 1948 च्या कायद्याने असे पाळणाघर बंधनकारक केले. 1976 च्या दुरुस्तीने पन्नासाचा आकडा तीसवर आणला. 2017 मध्ये प्रसूती लाभ कायद्यात बदल होऊन पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली.

सगळे कायदे चांगलेच. पण आमच्या त्या ताई यात कुठे बसतात? त्या एका घरात एकट्या काम करतात. त्यांची संख्या पन्नास कधी होणार? तीस कधी होणार? धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी, कचरा वेचणारी, शेतावर मजुरीला जाणारी आमची बाई या आकड्यांत कधीच मोजली जात नाही. दुसऱ्याचे मूल सांभाळून ती जे कमावते, त्यातूनच ती स्वतःचे मूल दुसरीकडे ठेवण्याची फी भरते.

संविधानात खालची रेघ नव्हती

आता मुख्य मुद्दा. 23 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुद्यातील अनुच्छेद 36 वर चर्चा झाली. त्यात दोन भाग होते. प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा अधिकार आहे, हा पहिला. चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य दहा वर्षांत प्रयत्न करील, हा दुसरा. लक्ष्मीकांत मैत्र यांच्या दुरुस्तीने पहिला भाग वगळला गेला. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणून अधिकाराची भाषा तिथे बसत नाही, हे त्यांचे कारण होते आणि बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली. ही गोष्ट लपवायचे कारण नाही. इतिहास पूर्ण सांगावा.

पण दुसरी दुरुस्ती बाबासाहेबांनी मान्य केली नाही. नझिरुद्दीन अहमद यांना 'शिक्षण' या शब्दाच्या जागी 'प्राथमिक शिक्षण' हवे होते. बाबासाहेबांचे उत्तर साधे आणि बिनतोड होते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचे नाही असे आपण दुसऱ्या कलमात म्हणतो, मग त्या वयापर्यंत ते मूल कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे. शिक्षणाची वरची रेघ त्यांनी इयत्तेवर नाही, मुलाच्या वयावर ओढली. बालमजुरी आणि शिक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी तिथे मांडले.

आणि खालची रेघ? ती नव्हतीच! मूळ अनुच्छेद 45 काढून वाचा. "चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत" असे आहे, "सहाव्या वर्षापासून" असे कुठेही नाही. शून्य ते सहा वर्षांचे मूल त्या वाक्याच्या आत होते. दहा वर्षांची मुदत 1960 मध्ये संपली. राज्यकर्त्यांनी ते वचन पाळले नाही, पण वाक्य तरी शाबूत होते. 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच वाक्याला धरून चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत अधिकार ठरवला.

मग आली 2002 ची 86 वी घटनादुरुस्ती. अनुच्छेद 21-अ आला आणि शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून लिहिला गेला. आपण टाळ्या वाजवल्या. पण त्यात वय लिहिले होते सहा ते चौदा. त्याच दुरुस्तीने जुना अनुच्छेद 45 बदलून सहा वर्षांखालच्या मुलांना 'प्रयत्न करील' या यादीत ढकलले. एका हाताने हक्क दिला, दुसऱ्या हाताने मुलाची पहिली सहा वर्षे कापून घेतली.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, तोही याच मापाने शिवलेला. त्याच्या कलम 11 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल' असे आहे, 'करील' असे नाही. 25 टक्के जागांच्या तरतुदीत मात्र शाळा पूर्वप्राथमिक वर्ग चालवत असेल तर राखीव प्रवेश तिथूनच द्यावा असे म्हटले आहे. महाराष्ट्रात या प्रवेशांवरून आणि त्यांच्या प्रतिपूर्तीवरून सरकार आणि शाळा यांच्यात वाद झाले, प्रकरणे उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी 2024 मध्ये तर राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना 25 टक्क्यांतून सूट दिली होती. 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. जागे असलेले पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या म्हणून ते दार उघडे राहिले.

वरच्या टोकाचेही तेच. आठवी संपली की 25 टक्क्यांतल्या मुलाच्या हातात नववीच्या पूर्ण फीची पावती पडते. बाकीचा वर्ग तोच, बाक तोच, मित्र तेच. फक्त हक्क संपलेला असतो.

"अंगणवाडी आहे ना फुकट!"

काही मित्र म्हणतील, अंगणवाडी आहे, मग नर्सरीचा हट्ट कशाला? प्रश्न योग्य आहे. अंगणवाडीचा वारसा महाराष्ट्राचाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, हा प्रयोग केला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली आणि ते नाव देशभर गेले. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाड्या प्राधान्याने द्या, असा आदेश 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. आदेश द्यावा लागला, यातच सगळे आले.

अंगणवाडीवर आमचा राग नाही. आमचा राग तिच्या उपाशीपणावर आहे. पोषण, लसीकरण, सर्वेक्षण, नोंदी आणि शिवाय शिकवणे, हे सगळे एका सेविकेने करायचे आणि तिला पगार नाही, 'मानधन' द्यायचे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचे काम करतात, हेही त्या निकालात नोंदवले आहे. काम शिक्षणाचे आहे, हे न्यायालयाला कळते. सरकारच्या अंदाजपत्रकाला कधी कळणार? 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा 'पायाभूत टप्पा' आखला, पण कायद्यातले सहा वर्षांचे वय आहे तिथेच आहे. पाया तिसऱ्या वर्षी आणि हक्क सहाव्या वर्षी. मधली तीन वर्षे बाजाराला आंदण!

आपण काय करायचे?

पहिले, आपल्या प्रत्येक जाहीरनाम्यात आणि निवेदनात एकच वाक्य स्पष्ट असावे: शिक्षणाचा हक्क तीन ते अठरा वर्षांपर्यंत, आणि कलम 11 मधले 'करू शकेल' काढून 'करील' करा. दुसरे, आपल्या वस्तीची अंगणवाडी आपली समजा. ती रोज किती तास उघडी असते, तिथे खेळणी आणि पुस्तके आहेत का, ताईंचे मानधन वेळेवर येते का, हे विचारा. सेविकांच्या आंदोलनात उभे राहा. तिसरे, महाराष्ट्रात 2011 चा शुल्क नियमन कायदा आहे. फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. त्या समितीत आपला माणूस असला पाहिजे. चौथे, आठवीत पोहोचलेल्या आरटीईच्या मुलांची यादी आत्ताच करा. नववीची पावती आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

त्या ताईंना आम्ही शेवटी खरे उत्तर दिले. ताई, मूल मोठे झाले म्हणून फी कमी होत नाही. जिथे लोकांनी सरकारला भरायला लावले तिथेच ती कमी झाली. त्यांनी पावती घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "मग पुढच्या मोर्चाला मला कळवा, त्या दिवशी सुट्टी घेते." एका दिवसाची सुट्टी म्हणजे त्यांचा एका दिवसाचा पगार. आपण निदान तेवढी किंमत मोजायला तयार आहोत का?

जय भीम!